टाइपवालीचा मदरबोर्ड

पहाटे, खिडकीची काच अजून काळीच असायची तेव्हा, हॉलमध्ये ‘टुक’ असा एक आवाज व्हायचा. पाठोपाठ पंखा घरघरायला लागायचा, डब्याच्या जाळीतून निळा उजेड भिंतीवर पडायचा आणि कॉम्प्युटर जागा व्हायचा. बटण कुणी दाबलेलं नसायचं. घरात माणसं दोनच. एक टाइपवाली, ती आतल्या खोलीत अंथरुणावर डोळे उघडे ठेवून पडलेली. दुसरी तिची सासू. तिला दिसत जवळजवळ नव्हतंच, आणि गुडघे असे धरलेले की कुणी हात दिल्याशिवाय ती हॉलमधल्या कॉटवरून खाली उतरायची नाही. बटण दाबणारा जो होता, त्याला जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती.

टाइपवालीनं ही गोष्ट कुणाला म्हणजे कुणालाही सांगितली नव्हती. सांगितली असती तर कुणीतरी उत्तर दिलं असतं, आणि तेच तिला नको होतं. लोकांच्या खिशात उत्तरं तयारच असतात. ती रोज तो ‘टुक’ ऐकायची, मनातल्या मनात म्हणायची, ‘लावलंत का? बरं,’ आणि उठायची. एवढंच. ह्या एवढ्याशावर तिनं दोन वर्षं काढली होती.

टाइपवाली हे नाव तिला बिल्डिंगनं दिलेलं. पोरगी होती तेव्हा टायपिंगच्या क्लासात डोळ्यांवर रुमाल बांधून टाइप करायची, मग वकिलाच्या ऑफिसात बोटं झिजवली, आणि आता कित्येक वर्षं घरीच बसून डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करत होती. इस्पितळातले डॉक्टर पेशंट तपासून झाला की रेकॉर्डरवर भराभरा बोलून मोकळे होतात. ते बोलणं फाइल होऊन तिच्याकडे येतं. ती हेडफोन लावते आणि ऐकत ऐकत टाइप करते. पायाखाली एक पेडल, शिवणयंत्राच्या पेडलाचं धाकटं भावंड म्हणा. दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की गप्प, टाच टेकवली की चार शब्द मागे जातो. नवरा म्हणायचा, “डॉक्टरला पायानं गप्प करणारी बाई जगात एकच, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली.”

फाइलीत नावं नसतात. वय असतं, बाई की पुरुष ते असतं, आणि काय झालं ते असतं. नवरा गेल्यापासून कानात ‘पुरुष, वय एकोणपन्नास’ असं पडलं की तिचा पाय पेडलवरून आपोआप उचलला जायचा. डॉक्टर तोंड उघडं ठेवून थांबायचा. ती तशीच बसून राहायची, ओठांवरचा घाम पुसायची, आणि मग पाय टेकायची. तो तिचा नसायचा. दुसऱ्याच कुठल्या घरातला असायचा.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. वकिलाच्या ऑफिसची लिफ्ट एकदा मधेच अडकली आणि आत नेमकी हीच. दाराच्या फटीतून एक डोळा आणि अर्धी मिशी दिसली. डोळा म्हणाला, “घाबरू नका बाई, लिफ्ट पडत नसते. लिफ्ट फक्त रुसते.” पुढं जे झालं ते झालं. लग्नानंतर पोरंबाळं काही झाली नाहीत, त्याचं दुःख दोघांनी आपापल्या पद्धतीनं गिळलं. तिनं टाइप करत, त्यानं घरातली एकेक वस्तू उघडून पुन्हा बंद करत. आठ वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटरही त्यानंच सुटे भाग आणून जेवायच्या टेबलावर जोडला होता. तीन दिवस घरातले सगळे मांडीवर ताट घेऊन जेवले होते.

आणि त्या दिवसापासून त्याचा एक नेम झाला. तिचं काम पहाटे लवकर सुरू व्हायचं. मशीन जागं व्हायला वेळ घ्यायचं आणि ती वैतागायची. तर हा तिच्या आधी उठून मशीन लावून ठेवायचा. ‘टुक’ वाजलं की तिला जाग यायची, तोवर हा परत येऊन अंथरुणात. डोळे मिटूनच म्हणायचा, “लावलंय गं तुझं मशीन. थंडीत गारठलो. चहा दे आता.” सुट्टीच्या दिवशीही चुकायचा नाही. ती मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, नवरा कसा असावा तर असा. तो छातीच्या दुखण्यानं गेला, चार लोक येऊन गेले, आणि त्यानंतरच्या पहिल्या पहाटे ती अंथरुणात एकटी असताना हॉलमध्ये ‘टुक’ वाजलं.

तिची पाचावर धारण बसली. पण ती ओरडली नाही. तशीच पडून राहिली, आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये.

आता हेच मशीन मरायला टेकलं होतं.

आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसातून एकदा, आणि मग तर डॉक्टर वाक्याच्या मध्यावर असताना स्क्रीन काळी व्हायची. अर्धा रिपोर्ट गडप. काम पाठवणाऱ्या कंपनीतल्या बाईचा फोन आला. बाई गोड बोलणारी होती, तेच वाईट होतं. “ताई, तुमचं काम स्वच्छ असतं, मला माहीत आहे. पण इस्पितळ थांबत नाही हो. ह्या महिन्यात अजून फाइली रखडल्या तर माझे हात बांधलेले आहेत.”

मग धाकट्या दिराला फोन. दीर दूर राहायचा आणि जवळ राहिल्यासारखा बोलायचा. “वहिनी, ते डबडं भंगारात द्या. सरळ लॅपटॉप घ्या.”

“माझं पेडल लागत नाही भाऊजी लॅपटॉपला.”

“पेडल नवीन घ्या.”

“आणि त्याच्यावरचं माझं पाऊल? तेही नवीन घेऊ? एवढ्या वर्षांची सवय आहे त्याला.”

“दादाची वस्तू म्हणून धरून बसलाय तुम्ही,” दीर म्हणाला. तिनं फोन कानापासून जरा लांब धरला. त्याचं खरंही होतं, आणि त्याला वाटत होतं तितकं सोपंही नव्हतं.

शेवटी तिनं डबा चादरीत गुंडाळला, पेडल पिशवीत टाकलं आणि टॅक्सी केली. ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, त्यालाही पट्टा लावा, ब्रेक मारला तर माझी काच जायची.” बाजारातल्या जुन्या कॉम्प्लेक्सच्या तळघरात बोर्डवाल्याचं दुकान होतं. नवरा इथूनच भाग न्यायचा. बोर्डवाला पोट सुटलेला, कपाळावर बॅटरी बांधलेला गृहस्थ. त्यानं डब्याचं झाकण काढलं आणि आत डोकावताच म्हणाला, “हे लिफ्टवाल्या साहेबांचं ना? वायर बांधलीय ती बघा. ही काय कॉम्प्युटरची वायरिंग आहे? ह्याच्यात चार माणसं बसवून वरच्या मजल्यावर न्यावीत अशी बांधलीय.” मग बॅटरी विझवून म्हणाला, “ऐकलं मी त्यांचं. वाईट झालं वहिनी.”

त्यानं तिला वाकून बघायला लावलं. बोर्डावर पिंपांसारख्या बारीक बारीक टोप्या उभ्या होत्या. “ह्यांची डोकी सपाट पाहिजेत. ही बघा, टेंगळं आलीत. वीज सांभाळायचं काम ह्यांचं, आणि ह्याच आजारी. बाकी डबा धडधाकट आहे. तुमच्या फाइली जिथं राहतात ती डिस्कही ठीक. पण बोर्ड गेला. ह्या जुन्या प्रोसेसरला बसेल असा नवा बोर्ड आता निघत नाही, म्हणजे बोर्डाबरोबर प्रोसेसर आणि रॅमही बदलणं आलं.”

“म्हणजे सगळंच की.”

“सगळं नाही हो. घर तेच, आतली माणसं बदलायची.” बोलून गेला आणि जीभ चावली.

मग त्यानं काउंटरवर तीन खोकी मांडली. पहिलं उघडलं तर बोर्ड एवढुसा. “हा सगळ्यात स्वस्त. चालेल. पण इथं प्रोसेसरच्या शेजारी बघा, वीज जिथून येते तिथं नुसत्या उघड्या चिपा. दिवसभर मशीन चालवणार तुम्ही. उन्हाळ्यात हा तापेल आणि पुन्हा टेंगळं येतील. तेव्हा तुम्ही मला शिव्या घालणार.” दुसरं उघडलं तर आत जत्रा. “हा पोरांचा. गेम खेळणाऱ्या. लाल-हिरवे दिवे लागतात.”

“माझ्या घरी पोरं नाहीत, सासू आहे. आणि तिला दिसत नाही.”

“मग कशाला घालवता पैसे दिव्यांत. आता हा बघा.” तिसरा बोर्ड साधा, काळा, सरकारी ऑफिसातल्या हेडक्लार्कसारखा. पण विजेच्या भागावर धातूचं जाडजूड झाकण होतं, रॅमला चार खाचा होत्या, म्हणजे आज दोन भरा आणि उद्या ऐपत आली की आणखी दोन. “नवीन जातीची महाग रॅम ह्याला लागत नाही, आधीच्या जातीची चालते, ती स्वस्त पडते. कंपनी तीन वर्षं जबाबदारी घेते. ह्याच्यात मिरवण्यासारखं काही नाही वहिनी, पण झोपू देईल तुम्हाला.”

तिनं पिशवीतून पेडल काढून काउंटरवर ठेवलं. त्याच्या वायरीच्या टोकाला नऊ टाचण्यांचा जुना प्लग. बोर्डवाल्यानं ते देवमाशाचं हाड उचलावं तसं उचललं. “अहो, हे कुठून काढलंत? ह्याचं भोकच हल्ली बोर्डाच्या पाठीवर नसतं.”

“तर मग तिन्ही बोर्ड ठेवून द्या. मला पेडल पाहिजे.”

“मधे जोडणी लावून दिली तर?”

“लावून बघितली एकदा. पाय सोडला तरी डॉक्टर दोन शब्द पुढं बोलतो. मग माझ्या रिपोर्टात कुणाचा डावा पाय उजवा होतो.”

बोर्डवाला एवढा हसला की पोट काउंटरला लागून हललं. मग त्यानं काळ्या बोर्डाच्या काठावर बॅटरी मारली. एका कोपऱ्यात उभ्या टाचण्यांच्या दोन ओळी होत्या. “नशीब तुमचं. पाठीवर भोक नाही, पण पोटात सोय ठेवलीय. इथून एक पट्टी बाहेर काढतो, तुमचं पेडल थेट बोर्डाला लागेल. ह्या तिघांत हा एकटाच असा.”

झालं, बोर्ड ठरला. आता उठायचं होतं. पण तिचा पाय निघेना. एक प्रश्न घशाशी आला होता आणि तो कसा विचारायचा हे तिला कळत नव्हतं.

“हा नवा बोर्ड,” ती म्हणाली, “आपोआप चालू होतो का?”

“छे! आपोआप कसा होईल? बटण दाबल्याशिवाय हलणार नाही, बिनधास्त राहा.”

“जुना होतो.”

बोर्डवाल्याच्या भुवया वर गेल्या. “रोज?”

“रोज. पहाटे.”

त्यानं काळा बोर्ड बाजूला सारला. जुना डबा टेबलावरच्या स्क्रीनला जोडला, दोनतीनदा थोपटला, आणि मशीन खोकत खोकत उठलं तसं कीबोर्डवरचं एक बटण दाबून धरलं. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आली. तो खाली खाली गेला आणि थांबला. “हे घ्या. तुमची भुताटकी. बोर्डालाच सांगून ठेवलंय, रोज पहाटे ह्या वेळेला उठ म्हणून. गजर लावावा तसं. भिंतीवरचं बटण चालू असलं की झालं, बोर्ड आपला आपण जागा होतो. साहेबांनीच लावलं असणार. मशीन जोडलं तेव्हाच, म्हणजे आठ वर्षं झाली.”

आठ वर्षं.

टाइपवाली त्या अक्षरांकडे बघत राहिली. म्हणजे तो मेल्यावर उठत नव्हता हे तर झालंच. तो जिवंत असतानाही उठत नव्हता! थंडीत गारठलो म्हणे. सहा वर्षं पांघरुणात लोळत पडून त्यानं तिच्याकडून चहा उकळला होता. तिला हसू फुटलं. तळघरात, अनोळखी माणसासमोर, तोंडावर पदर धरून ती हसली, आणि त्या हसण्याचं रडं कधी झालं ते तिलाच कळलं नाही. बोर्डवाला गडबडीनं स्टूल पुढं सारत म्हणाला, “वहिनी, बसा. पाणी मागवतो.”

परतताना तिच्या पिशवीत फक्त चादर होती. बोर्डवाल्यानं मशीन ठेवून घेतलं होतं. जोडल्यावर दोन दिवस रगडून बघतो, मग देतो, म्हणाला. नवा बोर्ड भरवशाचा आहे की नाही ते रगडल्याशिवाय कळत नाही. रस्ता तोच होता, दुकानं तीच, पण तिला वाटत होतं की कुणीतरी आज तिचा खिसा कापलाय. दोन वर्षं जपलेलं जे काही होतं ते एका पाटीवरची ओळ निघालं होतं. आणि तो बोर्ड आता भंगारात जाणार होता, त्या ओळीसकट.

दुसऱ्या दिवशी पहाट झाली आणि हॉल गप्प राहिला.

तिनं चहा केला, सासूबाईंना हात देऊन उठवलं. सासूबाईंनी कप हातात धरला आणि तोंड टेबलाकडं वळवलं, जिथं डबा असायचा तिकडं. “आज आवाज नाही.”

“मशीन दुरुस्तीला दिलंय आई. बोर्ड बदलायचाय.”

“त्याला सांगितलंस का?”

“कुणाला?”

सासूबाईंनी टेबलाकडून तोंड फिरवलं. चहा अर्धा ठेवला. त्याच्या पुढच्या दिवशी तर कपाला हातच लावला नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. ही बाई एरवी बडबडी. आंधळी झाल्यापासून तर कान आणि जीभ, दोन्ही धारदार झालेले. शेजारीण जिन्यात कुणाशी काय बोलली ते हिला आत बसून कळायचं. आणि आता मूग गिळून गप्प. टाइपवालीनं अंगाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. “आई, डॉक्टरला बोलावू का?”

“तुझे डॉक्टर पायाखाली ठेव,” सासूबाई म्हणाल्या, “मशीन कधी येतंय ते सांग.”

मशीन शनिवारी तयार झालं. बोर्डवाल्यानं झाकण उघडून अभिमानानं आतला काळा बोर्ड दाखवला. लिफ्टवाल्याच्या वायरीच्या गाठी त्यानं तशाच ठेवल्या होत्या. म्हणाला, सोडायला हात झाला नाही. पेडल लावून दाखवलं. तिनं पाय ठेवला, डॉक्टर बोलला, उचलला, गप्प. एक शब्द पुढं नाही. कंपनीच्या बाईला तिनं तिथूनच फोन लावला की उद्यापासून हव्या तेवढ्या फाइली पाठवा. एक काळजी मिटली.

मग बोर्डवाला जरा घुटमळला. “वहिनी, ह्या बोर्डातही ती सोय आहे. पहाटेची. लावून देऊ का वेळ?”

तिच्या तोंडाशी ‘हो’ आलं होतं. पण ती म्हणाली, “मला घरी लावता येईल?”

“येईल की. कुठलं बटण दाबून धरायचं ते दाखवतो. एक मात्र आहे, नवे बोर्ड मुके असतात. ‘टुक’ करत नाहीत.”

“नको करू देत.”

संध्याकाळी डबा पुन्हा टेबलावर बसला. हॉल म्हणजे केवढा. एका भिंतीला टेबल, दुसऱ्या भिंतीला सासूबाईंची कॉट, मधे एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. टाइपवालीनं मशीन लावलं, बटण दाबून धरलं आणि ती पाटी उघडली. वेळेचा रकाना रिकामा होता. बोटं कळांवर ठेवून ती बसून राहिली. भरला की झालं. उद्या पहाटे पंखा घरघरेल, उजेड पडेल, सासूबाई चहा पितील. फक्त तिला ठाऊक असेल की हे आपणच केलंय. रोज पहाटे आपणच आपल्याला फसवायचं, आणि त्याला त्यातून कायमचं पुसून टाकायचं.

पाठीमागून सासूबाई म्हणाल्या, “काय करतेस गं एवढा वेळ? टाइप तर करत नाहीयेस.”

सांगणं भागच होतं. तिनं खुर्ची वळवली. “आई, तुमचा मुलगा महालबाड होता. मशीन लावायला तो एक दिवससुद्धा उठला नाही. मशीनमध्ये वेळ लावून ठेवली होती त्यानं. ते आपलं आपणच चालू व्हायचं. तो असतानाही आणि नंतरही.”

तिला वाटलं, म्हातारी आता कोसळेल. पण सासूबाईंच्या तोंडावर तर हसू पसरलं. “मग? मला नव्हतं का ठाऊक?”

“तुम्हाला?”

“हॉलमध्ये कोण झोपतं? तो उठला असता तर माझ्या उशाशी पावलं वाजली नसती? मशीन जोडलं त्याच दिवशी कानाशी लागून म्हणाला, आई, तिला सांगू नकोस, फुकटचा चहा मिळतोय तर मिळू दे.” हसताना सासूबाईंचे खांदे हलत होते. “मीही नाही सांगितलं. माझा चहा त्याच्याच बरोबर व्हायचा ना.”

टाइपवालीनं कपाळाला हात लावला. दोघं मायलेक एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. “आणि मी मूर्ख! तो गेल्यावर दोन वर्षं मला वाटत होतं की... जाऊ दे. मग तुम्ही एवढं कशासाठी मनाला लावून घेतलं? मशीनच होतं ते.”

सासूबाईंचं हसू थांबलं. त्यांनी पांघरुणाचा काठ चाचपला, सरळ केला.

“तो होता तोवर पावलं नव्हती,” त्या म्हणाल्या. “तो गेल्यापासून वाजतात.”

टाइपवाली खुर्चीतून पुढं झुकली.

“कसली पावलं?”

“आतल्या खोलीकडून येतात. कॉटजवळून जातात. टेबलाशी थांबतात, आणि मग ते टुक वाजायचं.”

“माझी असतील.”

“तुझी मला कळतात. तू टाच घासत चालतेस. ही त्याची. बुटांनी दुखायचं म्हणून पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायचा, तशी.” मग म्हणाल्या, “ह्या तीनचार पहाटे नुसत्या फेऱ्या चालल्या होत्या. येतोय, जातोय. टेबल मोकळं ना. मला बघवेना... म्हणजे ऐकवेना. मी भिंतीकडं तोंड करून पडले.”

टाइपवालीनं खुर्ची परत वळवली. तिनं स्क्रीनकडं पाहिलं. रकाना रिकामाच होता. वेळ लावली तर मशीन चालू होणार, तो असो नसो. नाही लावली तर उद्या पहाटे काय ते कळणार. आणि कळल्यावर ते परत न कळल्यासारखं करता येणार नव्हतं. तो नसलाच, तर एका बाईचा मुलगा आणि एका बाईचा नवरा ह्या घरातून दुसऱ्यांदा जाणार होता, आणि ह्या खेपेला तो घालवणारी ती असणार होती.

“लावू का वेळ, आई?”

“तू ठरव. तुझं मशीन आहे.”

तिनं रकान्याला हात लावला नाही. पाटी बंद केली, मशीन बंद केलं.

पहाटे ती नेहमीपेक्षा आधी जागी होती. उठून आतल्या खोलीच्या दारात आली आणि चौकटीला टेकून, जिवाचा कान करून उभी राहिली. काच काळी होती. बाहेर दूरवर एक गाडी गेली. हॉलमध्ये टेबलाचा, खुर्चीचा, डब्याचा आकार तेवढा दिसत होता. सासूबाई जाग्या होत्या. त्यांचा श्वास झोपेतला नव्हता.

तिला काहीच ऐकू आलं नाही. पाऊल नाही, फरशीवरची खसखस नाही. फक्त तिच्या उजव्या दंडाला, चौकटीच्या मोकळ्या बाजूला, थोडं गार लागलं. खिडकी बंद होती.

मग कॉटवर हालचाल झाली. सासूबाईंनी आपले पसरलेले पाय जवळ ओढून घेतले, त्या अरुंद वाटेनं कुणी जाताना त्या नेहमी घेत तसे. पाय तसेच धरून ठेवले. आणि मग, कुणीतरी पुढं निघून गेल्यावर पसरावेत तसे, हलकेच परत पसरले. त्यांचं तोंड उशीवर वळत वळत टेबलाकडं गेलं आणि तिथं थांबलं.

डबा काळाच होता. उजेड नाही, पंखा नाही. दोघी बायका वाट बघत राहिल्या. काच काळ्याची करडी व्हायला लागली.

“का हो आई?” शेवटी टाइपवाली कुजबुजली. “काय झालं?”

“काय व्हायचंय?” सासूबाईही तशाच हळू बोलल्या. “उभा राहिलाय नुसता. जन्मात कधी बटण दाबलंय त्यानं? ते आपोआप लागेल म्हणून वाट बघतोय लबाड.”

टाइपवालीनं पदर खोचला. ती चौकटीपासून सुटली. टाच घासत कॉटजवळून गेली, टेबलाजवळ पोचली आणि खुर्चीच्या अलीकडं थांबली. तिथं कुणी नव्हतं. रिकामी फरशी होती, हातभर. तिच्यावरून सरळ पुढं जायला काहीही हरकत नव्हती.

“अहो,” ती म्हणाली, “जरा सरका.”

एवढं बोलून ती थांबली, एखाद्याला सरकायला जेवढा वेळ लागतो तेवढी. मग त्या जागेला वळसा घालून, टेबलाच्या काठाला पोट घासत ती पलीकडून गेली आणि तिनं बटण दाबलं. नवा बोर्ड मुकाट्यानं जागा झाला. उजेड भिंतीवर पडला, सासूबाईंच्या उघड्या, न दिसणाऱ्या डोळ्यांवर पडला.

“आता रोज मी लावत जाईन,” ती त्या रिकाम्या जागेकडं न बघता म्हणाली. “तुम्ही पडा.”

खुर्ची ओढून ती बसली, हेडफोन हातात घेतले, पण कानाला लावले नाहीत. पाठीमागं कॉटवर पांघरूण सळसळलं. सासूबाई पाय जवळ घेत होत्या. टाइपवालीनं मागं वळून पाहिलं नाही. पाय पुन्हा पसरल्याचा आवाज येईपर्यंत तिनं पेडलवर पाऊल ठेवलं नाही.